सुरूला फूल येतं

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात, एक फांदी अकरा वर्षं ठेवलेली असायची. फांदी दर वर्षी नवी, तिच्याखालची चिठ्ठी मात्र तीच, माझ्या हातची : 'सूचिपर्णी वृक्षाची फांदी, शंकूंसह.' अक्षर माझं चांगलं आहे, मुख्याध्यापकसुद्धा फलक माझ्याकडूनच लिहून घेतात. मजकूर तेवढा साफ चुकीचा होता. आणि तो चुकीचा आहे हे मला दाखवून दिलं ते नववीत शाळा सोडलेल्या, वन विभागाच्या नर्सरीत मातीच्या पिशव्या भरणाऱ्या वच्छलाबाई रामटेके यांनी. तेही एकांतात नाही, परीक्षेच्या टेबलावर, बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमच्या देखत.

मी लेनगुरे. विज्ञान शिकवतो. मूळचा वरोऱ्याकडचा, म्हणजे कापूस-सोयाबीनच्या उघड्या मुलखातला. जंगल मला नोकरीनं दाखवलं. आमचं गाव आलापल्लीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. या रस्त्यानं येणारा प्रत्येक पाहुणा सागवानाच्या गोष्टी सांगतो आणि बाकी कुठलंही झाड दिसलं की नुसतं 'झाड' म्हणतो. मी त्या पाहुण्यांपेक्षा फार वरचा नव्हतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मुलांना शिकवायचं असतं सोपंच. एक फुलणारी रानवनस्पती घ्या आणि एक सूचिपर्णी झाड घ्या, दोघांची तुलना करा. फुलणाऱ्याचं बी फळाच्या पोटात असतं, सूचिपर्णीचं बी शंकूच्या खवल्यावर उघडं पडलेलं असतं. रानवनस्पतींची आमच्याकडे काय कमी? अडचण असायची ती सूचिपर्णीची. देवदार आणि चीड हिमालयात, आम्ही गडचिरोलीत. शाळेत एक मोरपंखी होती, ऑफिससमोर, तीही सूचिपर्णीच. पण मोरपंखीला आमच्याकडची पोरं 'विद्या' म्हणतात. तिचं एक पातं पुस्तकात ठेवलं की अभ्यास डोक्यात राहतो, म्हणून परीक्षा जवळ आली की झाड दिवसेंदिवस बोडकं होत जायचं. 'पाने तोडू नये' असा फलक मीच लिहून लावला होता. मुलांनी फलकाच्या आडोशानं तोडली. चार मार्च तिनं सोसले, पाचव्या मार्चला नुसता खुंट उरला, आणि मग तोही वाळला. मला मुलांवर फार चिडताही आलं नाही, कारण माझ्या स्वतःच्या बी.एड.च्या पुस्तकात एक पातं अजून आहे.

मग मी विश्रामगृहासमोरच्या सुरूच्या झाडांकडे वळलो. हिरव्या सुयांसारखी पानं, फांदीला इवले इवले लाकडी शंकू. पुस्तकातल्या चीडच्या चित्राशेजारी धरलं तर जुळी भावंडं. शिक्षक-खोलीत सगळ्यांनी मान डोलावली. मी चिठ्ठी लिहिली आणि अकरा वर्षं निर्धास्त झोपलो.

आता वच्छलाबाईंबद्दल. माहेर मार्कंड्याजवळ, वैनगंगेच्या काठचं. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा श्रावण धानाची दोन एकर शेती करतो, आणि बाई एकोणीस वर्षं नर्सरीत. वय एक्केचाळीस. उंचीनं कमी, चालायला तुरतुरीत, आणि समोरचा माणूस चुकीचं बोलायला लागला की डावी भुवई वर जाते. ती भुवई मी पुढे पुष्कळ वेळा पाहिली. त्यांच्या तळहातावर कुठलंही बी ठेवा, त्या झाडाचं नाव सांगतील, आणि ते किती दिवसांनी उगवेल तेही. सागवानाचं बी भिजवा, वाळवा, पुन्हा भिजवा, असं आठवडाभर केल्याशिवाय ते डोळा उघडत नाही. सुरूचं बी भुकटीसारखं बारीक, त्याला मुंग्या पळवतात. म्हणून सुरूच्या बियांचे ट्रे त्या विटांवर मांडतात आणि विटा पाण्याच्या परातीत ठेवतात. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. दोन वर्षं मुंग्यांनी खाल्लं, तिसऱ्या वर्षी बाईंनी परात आणली.

एवढं येत असताना त्यांचं एक दुःख होतं, आणि ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. नर्सरीला साहेबांचे पाहुणे यायचे. त्यांना जंगल दाखवायला बाहेरून एक गाईड बोलावला जायचा, पाठीला बॅग, गळ्यात ओळखपत्र. बाई पाण्याची कॅन घेऊन मागून चालायच्या. एकदा त्या गाईडनं अर्जुनाकडे बोट दाखवून 'हा ऐन' म्हणून सांगितलं. खोड बघूनसुद्धा कळायला हवं होतं, ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, अर्जुनाची गुळगुळीत पांढरी. पाहुण्यांनी लिहून घेतलं. बाई गप्प राहिल्या, कारण कॅनवाल्या बाईनं बोलायचं नसतं. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता, पण भुवई खाली आलीच नाही.

परीक्षेच्या आदल्या वर्षी नर्सरीला लागून निसर्गवाट करायचं ठरलं. गावातल्या दोन बायांना गाईड म्हणून घेणार, अट एकच, दहावी पास. यादी पुढच्या वर्षीच्या ऑगस्टअखेर बंद. बाईंनी त्याच आठवड्यात बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मार्चमध्ये मराठी, हिंदी, इतिहास-भूगोल, गणितसुद्धा सुटलं, विज्ञानात दांडी उडाली. विजेच्या सर्किटनं घात केला, असं त्यांचं म्हणणं. मुलगी मयुरी माझीच विद्यार्थिनी, आता चंद्रपूरला नर्सिंग शिकते. तिनं फोन करून मला सांगितलं की सर, आईला जुलैअखेरच्या फेरपरीक्षेसाठी तुम्हीच तयार करा, ती माझं ऐकत नाही. ती कुणाचंच ऐकत नाही, हे मयुरीनं सांगितलं नाही.

जून-जुलैभर शाळा सुटल्यावर त्या यायच्या. नखांत माती, वहीला प्लॅस्टिकचं कव्हर. सर्किट मी त्यांच्या डोक्यात शेवटी बसवलंच. नर्सरीच्या ठिबकच्या नळ्या आठवा म्हटल्यावर एका दिवसात बसलं. माझी छाती फुगली. मग प्रात्यक्षिकाची पाळी आली आणि मी कपाटातून ती फांदी काढली.

सूचिपर्णी झाडाला फूल येत नाही, त्याचं बी उघडं असतं, लिहा, म्हणून मी सांगायला लागलो. बाईंनी लिहिलं नाही. फांदी हातात घेऊन फिरवली आणि म्हणाल्या, "सर, याले तं फूल येते."

मी म्हटलं, येत नाही. त्या म्हणाल्या की थंडी सरताना येतं, हे लाकडी बोंडुकलं व्हायच्या आधी त्याच जागी लाल केसाळ गोंडा असतो, फांदीच्या टोकाला तांबूस तुरे असतात ते वेगळे. मी एकोणीस वर्षं बी गोळा करून राह्यली, असंही म्हणाल्या. आता खरं तर माझ्या खिशात फोन होता. दोन मिनिटांत बघता आलं असतं. पण दिवसभर सहा तास घेऊन डोकं तापलेलं, त्यात माझी चिठ्ठी, माझं अक्षर. मी म्हणालो, बाई, तुम्हाला पास व्हायचं आहे की वाद घालायचा आहे? त्या म्हणाल्या, पास व्हायचं हाय सर. आणि वही मिटली. मला वाटलं, विषय संपला. मी इतकी वर्षं शिकवतोय, पण वही मिटणाऱ्या माणसाला मी त्या दिवशीही ओळखलं नाही.

परीक्षेच्या दिवशी आमच्या केंद्रावर सहाच जण होते. परीक्षक म्हणून चंद्रपूरच्या खिरटकर मॅडम आल्या होत्या, साध्या, शांत. प्रश्न मीच काढलेला, त्यांनी मान्य केलेला : परिसरातील एक फुलणारी रानवनस्पती आणि टेबलावरील सूचिपर्णी वृक्षाची फांदी यांची तुलना करा. रानवनस्पती ज्यानं त्यानं आणायची. कुणी तेरडा आणला होता, कुणी रानहळद. वच्छलाबाईंनी ओल्या पोत्यात गुंडाळून कळलावी आणली, चांगली हातभर वेल, वर तीन फुलं, खाली पिवळी आणि टोकाला लालभडक, ज्वाळेसारखी.

ती पाहून शेजारच्या दोघींनी आपापली टेबलं सरकवून घेतली. आमचा शिपाई नानाजी दारातच थांबला. कळलावी घरात आली की भांडण लागतं, असं इकडे लहानथोर सगळे मानतात. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. पानाचं टोक गुंडाळून वेल दुसऱ्याला कशी धरते, सहा पाकळ्या वर कशा वळतात, पुंकेसर किती, शेंग फुटल्यावर आत लाल बिया कशा ओळीनं असतात, सगळं डाव्या रकान्यात उतरवलं. मी पाठीमागून चाललो होतो. डावा रकाना वाचून मला समाधान वाटलं. मग उजवा पाहिला. तिथे एकच ओळ होती. 'टेबलावरची फांदी या रकान्यात बसत नाही. हे पण फुलाचंच झाड आहे.'

खोटं कशाला बोलू, माझं डोकं सणकलं. या बाईसाठी दोन महिने जीव काढला आणि ही ऐन वेळी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते आहे, एवढंच मला दिसलं. वीसपैकी निम्मे गुण या एका प्रश्नाला. लेखीत त्या जेमतेम काठावर असणार हे मला माहीत होतं. इथे गुण गेले की विज्ञान गेलं, विज्ञान गेलं की यादी गेली, आणि पुढचं जन्मभर पाण्याची कॅन.

मॅडमनी पेपर वाचला, चष्मा वर केला आणि बाईंना तोंडी विचारलं की हे कशावरून म्हणता.

बाईंनी सुरूची एक सुई उपटली. दोन्ही चिमटीत धरून ओढली, तशी ती मधून अलगद सुटली, उसाचं पेर सुटावं तशी, पण न तुटता. मग दोन्ही टोकं परत एकमेकांत बसवली. "नर्सरीत आमी खेळतो हे, मॅडम. कुठी तोडलं, सांगा." मॅडमनी बोट ठेवलं, ते चुकलं. बाई हसल्या आणि मग भिंग मागून घेतलं. "हे पान नाई, ही काडी हाय. पान हे." सांध्याभोवती दातांसारखे बारीक खवले होते, तांदळाच्या कण्यांपेक्षा लहान. सूचिपर्णीची सुई म्हणून मी अकरा वर्षं जे दाखवलं ते पान नव्हतंच.

मग त्यांनी लाकडी बोंडुकलं घेतलं आणि त्याची उघडी चोच नखानं फाकवली. आतून पंख असलेला एक कण निघाला. तो बी नाही, अख्खं फळ आहे, बी त्याच्या पोटात आहे, हे त्यांनी कण नखाखाली चिरडून दाखवलं. पोत्याच्या तळातून शेवटी त्यांनी मोरपंखीची डहाळी काढली. तिच्यावर निळसर हिरवे, आकड्यांचे, सुपारीहून लहान शंकू होते. एक अंगठ्यानं उलगडला. खवल्यावर कच्चं बी तसंच बसलेलं, वर साल नाही, फळ नाही, काही नाही. सूचिपर्णी हवं असेल तर हे घ्या, उजवा रकाना मी याच्यावर लिहून देते, असं त्या म्हणाल्या, आणि लिहायलाही बसल्या.

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्या भौतिकशास्त्राच्या. म्हणाल्या, सर, जीवशास्त्र तुमचं, फांदीही तुम्हीच ठेवली, तुम्ही सांगाल तसे गुण देऊ.

म्हणजे सगळं येऊन माझ्या जिभेवर थांबलं. फांदी बरोबर आहे, एवढंच मी म्हणालो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. अकरा वर्षांच्या अकरा तुकड्या, त्यातले काही आता स्वतः मास्तर झालेले, सगळ्यांच्या वह्यांत सुरू सूचिपर्णी म्हणून सुखानं राहिला असता. मी बाईंकडे पाहिलं. त्या विनवणीनं बघत असतील असं मला वाटलं होतं. त्या खाली मान घालून लिहीत होत्या आणि मधूनच कळलावीवर ओलं पोतं ओढत होत्या, फुलं कोमेजू नयेत म्हणून.

मी एक सुई उचलली आणि ओढली. ती सुटली. भिंगाखाली धरली. दात होते. मला आठवलं की फेब्रुवारीत त्या सुरूखाली मोटरसायकल लावली की सीटवर बारीक तांबूस तुरे पडलेले असतात, आणि ते मी दर वर्षी फडक्यानं झटकून शाळेत येतो, सूचिपर्णीला फूल नसतं हे शिकवायला. मला स्वतःचीच एवढी लाज वाटली की बोलणं सोपं झालं.

"बाई बरोबर आहेत," मी म्हणालो. "अकरा वर्षं मी चुकीचं दाखवतोय."

मॅडमनी वीसपैकी अठरा दिले. दोन कापले, कारण बाईंनी आकृतीतल्या भागांना नावं दिली नव्हती. त्यावर बाईंची भुवई वर गेली.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, मी सांगितलं तेच लिहिलं असतं तरी पास झालाच असता, एवढा जुगार कशाला खेळलात? त्या पोत्याची गाठ मारत होत्या. म्हणाल्या, "त्या मानसानं अर्जुनाले ऐन म्हणलं, तवा मी कॅन धरून चूप होती. आता पेपरात मीच तसं लिहून गाईड होऊ काय?"

मी विषय बदलून विचारलं की ही शंकूंनी भरलेली मोरपंखी तुम्हाला मिळाली कुठे, आख्ख्या गावात तर एक धड उरली नाही. त्या मला सरळ नर्सरीत घेऊन गेल्या. सिमेंटच्या हौदामागे मोरपंखी उभी होती, माझ्यापेक्षा उंच, पायापासून शेंड्यापर्यंत भरलेली. तिच्या सगळ्या बाजूंनी कळलावीच्या वेली चढल्या होत्या. उन्हाळ्यात वेल वाळते, कंद जमिनीत झोपतो, पण बाई वाळलेल्या वेली काढत नाहीत, शेंगांसकट तशाच लटकत ठेवतात, कारण विद्या चोरायला पोरं मार्चमध्ये येतात. सावलीत जेवणाऱ्या बायांची लेकरंसुद्धा दहा हात लांबून वळून जातात. कंद विषारी असतो म्हणून भोवती दगड रचून कुंपणही केलेलं होतं.

मी विचारलं, तुम्ही मानता का, भांडण लागतं म्हणून? त्या म्हणाल्या, आम्ही विहारात जाणारी माणसं, आम्ही नाही मानत, कळलावी दर पावसाळ्यात हातात असते आणि आजवर भांडण फक्त विज्ञानाच्या सरांशी झालं. मग हसत पुढे म्हणाल्या, "जे लोक विद्या मानते, तेच कळलावी मानते. एकाले एक लावून देली."

अकरा वर्षं मी या दोन प्रकारच्या झाडांची तुलना फळ्यावर दोन रकाने आखून करत होतो. बाईंनी ती दोन्ही एकाच आळ्यात लावली होती आणि चौदा वर्षं जगवली होती.

निकाल लागला. विज्ञानात एकेचाळीस. यादीत नाव चढलं ते बंद व्हायच्या तीन दिवस आधी. श्रावणभाऊंनी शाळेत पेढे आणले आणि मयुरीनं चंद्रपूरहून फोन करून रडून घेतलं. मी कपाटातली चिठ्ठी फाडली नाही. तिच्यावर काट मारली आणि खाली लिहिलं : 'सुरू. फुलणारा वृक्ष. चूक लक्षात आणून देणाऱ्या : वच्छला रामटेके.' अक्षर या वेळीही चांगलं आलं.

फेब्रुवारीत मी नववीची पोरं घेऊन निसर्गवाटेवर गेलो. फाटकाशी बाई उभ्या होत्या, खाकी साडी, गळ्यात ओळखपत्र. फोटोत भुवई वरच आहे. त्यांनी पोरांना अर्जुन दाखवला आणि ऐन दाखवला, दोघांच्या सालीवरून हात फिरवायला लावला. विश्रामगृहापाशी थांबून सुरूची खालची फांदी वाकवली आणि लाल गोंडे दाखवले. एका मुलीनं विचारलं की मग माझ्या मोठ्या ताईच्या वहीत हे सूचिपर्णी म्हणून कसं लिहिलं आहे. सगळ्या वर्गानं माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मग त्यांनी एक सुई काढली, ओढली, जोडली आणि माझ्यापुढे धरली. "सर, कुठी तोडलं, सांगा."

मी तीनदा चुकलो. पोरं खिदळली आणि वहीचा प्रश्न विसरून स्वतः सुया ओढायला लागली. बाईंनी मला वाचवलं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

पुढची चढण उन्हाची होती. बाई पुढे निघाल्या, पोरं त्यांच्या मागे घोळका करून, आणि त्या एकेका झाडाशी थांबून नाव सांगू लागल्या. वाटेत पोरांना तहान लागणार म्हणून नर्सरीतून पाणी घेतलं होतं. ती कॅन माझ्या हातात होती. मी सगळ्यांत मागून चालत होतो आणि चूप होतो.